गळतीचा हिशेब

शेतकऱ्याच्या शेडमध्ये एक तरी वस्तू अशी असते, जी वर्षातून चार दिवस कामाला येते आणि उरलेलं वर्षभर तक्रारीला. कुणाकडे ती जुनी कडबाकुट्टी असते, कुणाकडे पेरणीयंत्र, कुणाकडे सासऱ्यांनी हौसेनं दिलेला पॉवर टिलर. आमच्याकडे लाकडं कापायचं कटर आहे. कंपनीच्या माहितीपुस्तकात त्याचं नाव चेनसॉ, पण बारामतीच्या दुकानापासून इंदापूरच्या वखारीपर्यंत ‘कटर’ म्हटलं की समोरचा माणूस बरोबर तेच काढून देतो. कामाला ते अत्यंत गुणी. दोर ओढला की सुरू, आणि मांडीएवढं बाभळीचं खोड चहा गार व्हायच्या आत दोन तुकडे. पण काम आटोपून, पुसूनबिसून जागेवर ठेवलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटाखाली शहाबादी फरशीवर ऑईलचा डाग हजर. आधी दोन बोटं रुंद, आठवड्यानं वीतभर, आणि महिन्यानं फरशीच्या सांध्यातून शेजारच्या फरशीवर अतिक्रमण. बांध कोरायची सवय आमच्याकडे यंत्रांनाही लागते.

आमच्या भागात कटर तसं उशिरा आलं. आधी कुऱ्हाड होती, दोघांनी समोरासमोर बसून ओढायची करवत होती. करवतीला दोन माणसं लागायची आणि त्या दोघांचं आपसात जमावं लागायचं, त्यामुळे झाडं आपोआप वाचायची. मग डाळिंबावर तेल्या आला. पानांवर, फळांवर तेलकट काळे डाग पडायचे, फळ तडकायचं आणि बघता बघता बागच्या बाग जायची. निमगाव केतकीपासून लासुर्ण्यापर्यंत ज्यांनी पोटच्या पोरासारख्या बागा वाढवल्या, त्यांनाच त्या काढाव्या लागल्या. जेसीबीनं बुडखे उपटायचे आणि कटरनं तुकडे करायचे. कालव्याच्या भरावावर आणि उजनीच्या फुगवट्याच्या काठानं माजलेल्या वेड्या बाभळीलाही कटरच लागतं. तिचं लाकूड कोळशाच्या भट्ट्यांना जातं. पुढं पालखी मार्ग चौपदरी व्हायला लागला, तेव्हा वारकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सावली दिलेल्या वडांच्या बुंध्याशीही हेच यंत्र घरघरलं. आंबा, चिंच, जांभूळ असली झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, त्यांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. वेडी बाभूळ मात्र कुणाच्या यादीत नाही. तिला कापा, जाळा, शिव्या द्या, ती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येते. त्यामुळे आमचं कटरही दर वर्षी पुन्हा निघतं.

या यंत्राच्या चेनचे दात आले कुठून, ती गोष्ट मोठी मजेची आहे. अमेरिकेत ओरेगॉनच्या जंगलात लाकूडतोडीचं काम करणारे जोसेफ कॉक्स १९४६ साली एका ओंडक्यात एक अळी बघत बसले. लाकूड पोखरणारी, आपल्याकडच्या खोडकिड्याच्या जातकुळीतली. आपण खोडकिडा दिसला की आधी कपाळाला हात लावतो आणि मग तार घालून भोकात खुपसतो. कॉक्स यांनी ती अळी लाकूड कशी खाते ते पाहिलं. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे चालतात आणि लाकडाच्या तंतूंना उभं-आडवं कसंही कापत सुटतात. त्यावरून त्यांनी चेनचे दात घडवले, एक डावा, एक उजवा. आजही जगातली बहुतेक कटरं त्याच घडणीच्या दातांनी चावतात. म्हणजे ज्या किड्यानं आमच्या बागा पोखरल्या, त्याच्याच सख्ख्या चुलत्याची अक्कल आम्ही पैसे मोजून दुकानातून आणतो.

तर मुद्दा ऑईलचा. या चेनचा वेग सेकंदाला वीसएक मीटर असतो. ती एका लोखंडी पट्टीच्या कडेनं, बोटाच्या नखापेक्षा अरुंद खाचेतून पळते. लोखंडावर लोखंड, तेही त्या वेगानं. ऑईल नसेल तर दहा मिनिटांत पट्टी निळी पडेल आणि चेन सैल होऊन मान टाकेल. म्हणून इंजिनाच्या पोटात पेट्रोलच्या टाकीशेजारी ऑईलची वेगळी टाकी असते, पाव लिटरच्या आसपासची, आणि एक छोटासा पंप त्या खाचेत थेंब थेंब सोडत राहतो. ट्रॅक्टरच्या इंजिनातलं ऑईल फिरून परत चेंबरमध्ये येतं. हायड्रॉलिकचं ऑईल ट्रॉली उचलून परत येतं. कटरचं ऑईल एकदा चेनवर गेलं की गेलं. काही लाकडाला लागतं, काही भुशात मिसळतं, काही कापणाऱ्याच्या पँटवर. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑईलची टाकीही जवळपास संपलीच पाहिजे, असं गणित बसवलेलं असतं. पेट्रोल संपलं आणि ऑईल तसंच राहिलं, तर समजायचं की काहीतरी तुंबलंय.

थोडक्यात, गळण्यासाठीच जन्माला घातलेल्या यंत्रानं सुट्टीच्या दिवशी गळू नये, अशी माझी अपेक्षा होती. हीच अपेक्षा मी दिवसभर बोलण्याचा पगार घेणाऱ्या एका नातेवाइकाकडूनही ठेवत आलो आहे. तिथंही ती फळलेली नाही.

घरात या डागावरून जे राजकारण झालं, ते ग्रामपंचायतीच्या तोडीचं होतं. पहिली जागा होती कोठीची खोली. तिथं आईची खपली गव्हाची पोती. आई म्हणाली, “ते तेलकट धूड धान्याच्या खोलीत नको. उद्या चपातीला पेट्रोलचा वास येईल आणि तुम्ही म्हणाल, गव्हाची जातच तसली.” मग ते पडवीत आलं. पडवीत पाहुण्यांच्या चपला असतात. एका पाहुण्यांची नवी कोल्हापुरी त्या डागावर अख्खी दुपार भिजली. ते जाताना काही बोलले नाहीत, पण पुढच्या लग्नात आमच्याशी जरा जपूनच बोलले. गोठ्यात ठेवलं, तर संकरित गाईनं मान लांबवून पट्टी हुंगली. बायको म्हणाली, “अहो, डेअरीवाला फॅट बघतो, त्यात ऑईल धरत नाहीत.” शेवटी कटरची रवानगी पत्र्याच्या शेडमध्ये झाली. खाली डाळिंबाचा पुठ्ठ्याचा रिकामा बॉक्स उलगडून अंथरला. त्यावर ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ असं छापलेलं होतं. आमच्या शेतातून त्या दर्जाचं त्या वर्षी एवढंच काय ते निघालं.

पण पत्र्याच्या शेडमध्ये डाग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. काम नाही, हालचाल नाही, कुणी हात लावलेला नाही, आणि ऑईल मात्र रोज. मी एकदा दुपारी मुद्दाम बसून पाहिलं. पट्टीच्या बुडाशी, जिथं ती इंजिनात शिरते तिथं, एक थेंब जमायला लागतो. आधी नुसती ओल चमकते. मग ती गोळा होते, जड होते, खाली उतरते आणि लोंबते. सुटताना मागं बारीक तार धरते. एकतारी पाक बोटांत धरून ओढावा तशी ती तार लांबते, तुटते, आणि वरचा तुकडा सावकाश मागं सरकतो. खाली पुठ्ठ्यावर ‘क्वालिटी’च्या शेवटच्या अक्षरावर थेंब पसरतो. सगळं इतकं शांतपणे चाललेलं असतं की राग यायचाही विसरतो. दुपारी दोन वाजता, पत्रा तापून कडकड वाजत असताना, त्या शेडमध्ये कामाला लागलेलं तेवढं एकच होतं.

बारामतीला एमआयडीसीच्या रस्त्याला एक मिस्त्री आहेत. फवारणीचे पंप, कटर, ग्रास कटर, जे जे दोर ओढून सुरू होतं त्या सगळ्याचे ते वैद्य. मी कटर पोत्यात गुंडाळून नेलं.

“मिस्त्री, गळतंय.”

“काय गळतंय दादा? पेट्रोल का ऑईल?”

“ऑईल.”

“मग बसा निवांत. पेट्रोल म्हनला असता तर आधी बिडी इझवली असती.”

त्यांनी बोटाला ऑईल लावलं, अंगठ्याशी चोळलं, बोटं लांब केली. तार टिकली नाही. “ह्ये काय घातलंय? ट्रॅक्टरचं काळं ऑईल हाय ह्ये.” काळं ऑईल हा चुलतभावाचा प्रसाद होता. त्यानं लिंबाची फांदी तोडायला म्हणून कटर नेलं आणि परत देताना, रिकामं कसं द्यायचं या सद्भावनेनं, ट्रॅक्टरच्या सर्व्हिसिंगमधून निघालेलं ऑईल टाकीत भरून दिलं. आमच्याकडे वस्तू रिकामी परत देत नाहीत. भांडं दिलं तर त्यात साखर येते, कटर दिलं तर काळं ऑईल.

मिस्त्री म्हणाले, “चेनच्या ऑईलला चिकट मसाला असतोय. त्यो चेनला धरून ऱ्हातो. ह्ये पातळ, ह्यात इंजिनाचा सगळा कीस. चेन फिरली की उडून जातंय, थांबली की वघळून येतंय.”

मग त्यांनी पान्यानं दोन नट सोडले आणि बाजूचं झाकण काढलं. आत जे दिसलं ते पाहून मला पहिल्यांदा कटरची दया आली. चेनच्या चक्राभोवती, पट्टीच्या मागं, ऑईल सोडणाऱ्या बारीक भोकावर, सगळीकडे भुसा दाबून बसलेला. बाभळीचा तांबडा, लिंबाचा पिवळट, डाळिंबाचा पांढरा; पण आता सगळ्यांचा एकच काळा थर झालेला, पेंडीच्या ढेपेइतका घट्ट आणि ऑईलनं तुंबलेला. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरनं एक ढेकूळ काढून कागदावर ठेवलं. कागद बघता बघता पारदर्शक झाला.

“बघा. टाकी न्हाय गळत. ह्यो भुसा गळतोय. कापताना ऑईल पितोय आन्‌ बसल्या जागी सोडतोय. निम्मी गळती हितंच संपली.”

“आणि उरलेली निम्मी?”

“ती तुमच्या पत्र्याची.”

हे मात्र मला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींची आठवण झाली. टाकीत ऑईल अर्धं असेल तर उरलेल्या अर्ध्या जागेत हवा असते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली पारा पहाटेच्या पंचविसावरून दुपारी पंचेचाळीसच्याही वर जातो. हवा तापली की फुगते. टाकीला श्वास घ्यायला एक बारीक झडप असते, पण बहुतेक कटरांत ती फक्त आत श्वास घेऊ देते, बाहेर सोडू देत नाही. मग फुगलेली हवा ऑईलला ढकलते, आणि ऑईलला बाहेर पडायला एकच वाट माहीत असते, पंपातून चेनच्या भोकापर्यंतची. अर्ध्या टाकीतली हवा वीस अंशांनी तापली तर आठ-नऊ मिलिलिटर ऑईल बाहेर रेटायला पुरेशी आहे. रात्री गारवा आला की हवा आकसते, झडपेतून नवी हवा आत येते, आणि दुसऱ्या दिवशी पत्रा पुन्हा तापतो. म्हणजे पंप बंद असला तरी सूर्यनारायण स्वतः पंप मारत असतात, तेही वीजबिलाशिवाय. आणि यातली गंमत अशी की काठोकाठ भरलेली टाकी कमी गळते, अर्धी भरलेली जास्त. कारण ढकलायला हवा जास्त. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे पाण्यापुरतंच खरं नाही.

हे गळणं थांबतं कधी? टाकीतली ऑईल ओढणारी नळी जिथवर पोचते, त्याच्या खाली पातळी गेली की. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. उजनीच्या काठच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. ११७ टीएमसीचं आमचं धरण, त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी साठा मृत. पातळी त्याच्या खाली उतरली की बातम्यांत ‘उजनी मायनसमध्ये’ येतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, शून्याच्या खाली पाणी कसं काय? आम्हाला ठाऊक असतं की खाली अजून पुष्कळ आहे, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडेपर्यंत आहे, फक्त ते आपणहून कालव्यात येत नाही. आमचं कटर उन्हाळाभर गळून गळून एकदाचं मायनसमध्ये जायचं आणि मग शांत व्हायचं. मी समजायचो, दुरुस्त झालं.

मिस्त्रींनी टाकीच्या झाकणाचं रबरी कडंही बदललं. पाच-दहा रुपयांची ओ-रिंग, उन्हानं कडक होऊन चिरा पडलेली. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची कवचं बनतात. तिथं काम केलेले एक स्नेही आहेत, त्यांना मी हे रबर दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “रबराला हसू नका.” १९८६ साली अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत फुटलं, सात अंतराळवीर गेले, ते बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीनं ताठर झाल्यामुळे. चौकशीच्या सुनावणीत रिचर्ड फाइनमन यांनी तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला. तिकडे थंडीनं, इकडे उन्हानं. रबराला कुणीच विचारत नाही, बाबा, तुला कसं वाटतंय. माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. ऊन, दुष्काळ, क्षार यांचा पिकावर, जनावरावर काय ताण येतो त्याचा तिथं अभ्यास चालतो. पत्र्याखाली ठेवलेल्या यंत्राचा विषय अजून कुणी त्यांच्याकडे नेलेला नसावा.

मिस्त्रींनी निघताना बजावलं, “पेट्रोलबी ठिऊ नका टाकीत.” हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं, महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरच्या पातळ पडद्याची वाट लावतं. इथेनॉल उसापासूनही येतं, ऊस जातो इथल्याच साखर कारखान्यांना. म्हणजे आपलाच ऊस, मळीचा रस्ता घेऊन, टँकरनं फिरून, पंपावरून पुन्हा आपल्याच कटरच्या टाकीत येऊन बसतो आणि आपल्याला दुरुस्तीला लावतो. एफआरपी वेळेवर मिळाली नाही म्हणून आपण कारखान्यावर रागावतो. ऊसही कधीतरी आपल्यावर रागावत असेल.

परत येताना डोक्यात एक विचार आला. युरोपात जंगलाच्या जमिनीत ऑईल मुरू नये म्हणून वनस्पती तेल वापरतात. ऑस्ट्रियात १९९२ पासून कटरला साधं खनिज तेल घालायला बंदीच आहे. आपल्या जिरायती भागात करडई होते. करडईचं तेल घातलं तर? घरी विषय काढला. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तुपाचा दिवा ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर लावायची परवानगी मागितली असावी. “करडईच्या तेलाचा भाव विचारलायस का? आम्ही भाजीला चमच्यानं घालतो आणि तू बाभळीला घालणार?” मिस्त्रींचं मत वेगळ्या वाटेनं तिथंच पोचलं. करडईचं तेल हवेला वाळून राळ होतं. महिनाभर पडून राहिलं तर पंपच चिकटवून टाकेल. म्हणजे गळणार नाही, पण चालणारही नाही. दोन्ही तज्ज्ञांचं एकमत हा आमच्याकडे दुर्मीळ योग, ठराव बारगळला.

एवढं सगळं झाल्यावर मला प्रश्न पडला, की आपल्याला गळतीचा इतका राग का येतो? तोही आपल्याला, बारामती-इंदापूरच्या माणसांना? आमचं तर सगळं गळतीवरच उभं आहे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला. मातीचा कालवा, तो पाझरणारच. त्याच्या पाझरावर दोन्ही बाजूंच्या विहिरी भरल्या आणि विहिरींवर ऊस उभा राहिला. अलीकडे कालव्याला काँक्रीटचं अस्तर करायचं ठरलं, तर गावांनी विरोध केला. पाटबंधारे खात्याच्या कागदावर ती गळती होती. विहीरवाल्याच्या दृष्टीनं तेच त्याचं पाणी होतं. आणि शेपटाकडच्या इंदापूरच्या शेतकऱ्याच्या मनात, वर मुरतंय म्हणून खाली पोचत नाही, हेही होतं. तिघंही आपापल्या जागी खरे. तोच थेंब, हिशेबाच्या तीन वह्या.

त्याच पाझराचं दुसरं रूपही याच खोऱ्यानं पाहिलंय. कालवा येऊन पंचवीस वर्षं होतात न होतात तोच जमिनी चिबड व्हायला लागल्या, खालचं मीठ वर आलं, पांढरे पट्टे दिसायला लागले. पुण्याच्या शेती महाविद्यालयातले हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यासोबत १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवालच लिहिला. पाणी नको तिथं, नको तेवढं मुरलं की ते पाणी राहत नाही, दुखणं होतं. पुढं दुष्काळाच्या दिवसांत इथल्या माळरानांवर पाझर तलाव झाले, मजुरांना कामाच्या बदल्यात धान्य मिळालं, आणि त्या कामातूनच १९७१ साली आप्पासाहेब पवारांच्या पुढाकारानं बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. पाझर तलाव म्हणजे काय, तर ज्यानं गळावं अशीच इच्छा धरून बांधलेलं तळं. तो गळला नाही तर इंजिनिअरला नोटीस. आणि आज ज्याच्यावर आमची सगळी डाळिंबं, द्राक्षं, पेरू उभे आहेत, ते ठिबक? काळी नळी, तिला ठरलेल्या अंतरावर भोकं, आणि प्रत्येक भोकातून तासाला दोन किंवा चार लिटर. सरकार त्याला अनुदान देतं. कुठं गळायचं, किती गळायचं आणि कधी थांबायचं हे ठरवून दिलेली गळती, हेच आमचं आधुनिक शेतीचं मोठं यश. जानेवारीत कृषिक प्रदर्शनात लोक ती बघायला लांबून बस करून येतात. मग माझ्या कटरनं काय घोडं मारलंय? त्याला ‘कधी’ हे एवढंच कुणी शिकवलेलं नाही.

ते शिकवण्याची पद्धत आता आमच्याकडे ठरून गेली आहे, आणि सांगण्यासारखी आहे. काम संपलं की इंजिन गार होऊ द्यायचं. बाजूचं झाकण काढून भुसा पार खरवडून काढायचा, पट्टीची खाच तारेनं साफ करायची. दोन-तीन महिने लागणार नसेल तर ऑईल आणि पेट्रोल दोन्ही टाक्या रिकाम्या, आणि मग रिकामं इंजिन सुरू करून कार्ब्युरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल जाळून टाकायचं. ऑईल ठेवायचंच असेल, तर झाकण एकदा उघडून दाब सोडून परत घट्ट लावायचं आणि कटर पत्र्याखाली न ठेवता सावलीच्या भिंतीशी ठेवायचं. खाली पुठ्ठा ठेवायचाच. यंत्रावर विश्वास असावा, पण फरशीवर जास्त असावा. पुठ्ठ्याखाली एक जुनी परात असते, तिच्यात जमलेलं ऑईल फुकट जात नाही. कोयत्याला, खुरप्याला, फाटकाच्या बिजागरीला ते लावतो. पूर्वी बैलगाडीच्या कण्याला वंगण घालायचं, त्यातली थोडी हौस त्यात भागते. चुलतभावाला कटर द्यायचं झालंच तर सोबत ऑईलची बाटलीही देतो, म्हणजे सद्भावनेला वाव राहत नाही.

एवढं करूनही कधीमधी एखादा थेंब पडतो. मी मिस्त्रींना फोन केला.

“दादा, थेंब पडतोय म्हंजी ऑईल भोकापातुर पोचतंय. त्याची काळजी करू नका. ज्या दिवशी कापताना चेन कोरडी दिसंल, त्या दिवशी या. वाळक्या लाकडासमोर पट्टीचं टोक धरून रेस करा. ऑईलची बारीक रेघ उमटली पायजे. न्हाय उमटली तर हात लावू नका, बंद करा.”

त्यांचं हे बोलणं मला शेतात जास्त उपयोगी पडलं. ठिबकची नळी एखाद्या ठिकाणी फुटली, कारंजं उडालं, की गडी धावत येतो, शेजारी बांधावरून हाक मारतो, पोरं ओरडतात. गळणाऱ्याची बातमी सगळ्या वस्तीला असते. पण एखादं छिद्र क्षारानं बंद झालं तर कुणीच ओरडत नाही. सगळं नीटनेटकं, कोरडं, चिखल नाही, पाय भरत नाहीत. आणि त्या झाडाची पानं वळायला लागली की मग आपण औषधवाल्याकडे पळतो, बुरशी आहे का कीड आहे म्हणून विचारतो. माणसांचंही तसंच असावं. बडबडणारा, रडणारा, खर्च करणारा, सगळ्यांना सल्ले देणारा असा एक तरी घरात असतो आणि त्याच्या गळतीवर सगळं घर तोंडसुख घेतं. जो कुणाला काही सांगत नाही, ज्याची कुणाला तोशीस नाही, त्याची चौकशी करायची कुणाला आठवणच राहत नाही. म्हणून हल्ली बागेत फिरताना ओल्या जागा मी सोडून देतो. त्यांची खबर मला घरबसल्या मिळते. कोरड्या जागी तेवढा खाली वाकतो आणि छिद्राला टाचणी लावून बघतो.

आणि पगारी बडबड करणारे ते नातेवाईक परवा येऊन दोन तास बसले. मी खाली पुठ्ठा न अंथरता सगळं ऐकून घेतलं.